निराधार व रस्त्यावरील मुलांसाठी देणगी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातील निराधार आणि रस्त्यावर वाढणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या संस्थेला देणगीदार, तालीम-मंडळांचे कार्यकर्ते, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि परगावी स्थायिक झालेले कोल्हापूरकर जे प्रश्न सातत्याने विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ज्या प्रश्नांवर लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो, तेथे उत्तर मुद्दाम सविस्तर लिहिले आहे.

हा निधी कोणत्या मुलांसाठी वापरला जातो?

अनाथ म्हटले की आई-वडील दोघेही नसलेले मूल डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात संस्थेच्या आधाराची गरज असलेल्या मुलांपैकी अनेकांना एक तरी पालक असतो. वडील वारल्यावर आई चार घरची धुणीभांडी करून खोलीचे भाडे भागवते आणि मूल रात्री उशिरापर्यंत एकटे राहते. कोठे आई घर सोडून गेलेली असते आणि वडील व्यसनात बुडालेले असतात. कोठे दोघेही परजिल्ह्यातून ऊसतोडीला आलेले असतात आणि थोरली मुलगी शाळा सोडून कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसते.

रस्त्यावरील मुलांचेही तीन प्रकार असतात आणि त्या प्रत्येकाची गरज वेगळी असते. काही मुले घरातून निघून आलेली, पूर्णपणे एकटी असतात. ती प्रामुख्याने मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्थानकाच्या आसपास दिसतात. काही मुले कुटुंबासह पदपथावर किंवा पुलाखाली राहतात. तिसरा प्रकार सर्वांत मोठा, पण सहज लक्षात न येणारा आहे : दिवसभर अंबाबाईच्या देवळाभोवती किंवा रंकाळ्यावर गजरे, फुगे, कुंकवाच्या पुड्या विकून रात्री झोपडीत परतणारी मुले. पहिल्या मुलाला निवारा लागतो, दुसऱ्याला कुटुंबासह मदत लागते, तर तिसऱ्याला शाळा आणि शाळा सुटल्यानंतरची सुरक्षित जागा लागते. एकाच प्रकारच्या मदतीने या तिघांचे भागत नाही, म्हणून निधीही एकाच कामासाठी बांधलेला नसावा, असे आम्ही म्हणतो.

पैसे द्यावेत, वस्तू द्याव्यात की एक दिवसाचे जेवण द्यावे?

तिन्ही स्वीकारले जाते, परंतु सर्वाधिक उपयोग होतो तो विनाअट दिलेल्या पैशांचा.

१५ ऑगस्टला कोल्हापुरात घरोघरी जिलेबी येते आणि ती या मुलांनाही मिळावी या मायेने सकाळपासून लोक पुडे घेऊन येतात. दुपारपर्यंत स्वयंपाकघराच्या ओट्यावर पुड्यांची चळत लागते, कागदातून पाक झिरपून ओटा चिकट होतो, आणि संध्याकाळी मुले पाटावर बसली की आमटी-भाताला हातही लावत नाहीत. पितृपक्षात एकाच दिवशी तीन घरांचा शिधा येतो. त्याच महिन्याच्या अखेरीस मात्र गॅस सिलिंडर आधी आणावा की तूरडाळ, हे ठरवण्याची वेळ येते. देणाऱ्यांच्या भावनेत यत्किंचितही उणेपणा नाही. सर्वांची तिथी एकाच दिवशी येते आणि मुलांची भूक मात्र वर्षभर असते, एवढाच प्रश्न आहे.

यासाठी आमची विनंती अशी आहे की अन्नदान करायचे असल्यास आधी दूरध्वनी करून दिवस ठरवावा, आणि आपला मनातला दिवस आधीच कोणी घेतला असेल तर त्याच तिथीच्या नावे महिन्याचा किराणा किंवा दूध यांसाठी रक्कम द्यावी. पावतीवर ज्यांच्या स्मरणार्थ देणगी दिली त्यांचे नाव अवश्य लिहिले जाते. शिजवलेले अन्न बाहेरून आणण्यापेक्षा कोरडा शिधा देणे अधिक सुरक्षित असते, कारण लहान मुलांना अन्नातून विषबाधा झाल्यास ती जबाबदारी संस्थेवर येते.

वस्तूंच्या बाबतीत नियम सोपा आहे : गरज विचारावी आणि नवे किंवा धड असलेलेच द्यावे. जूनमध्ये शाळा सुरू होताना दप्तर, रेनकोट आणि बूट लागतात, परंतु बूट पायाच्या मापाप्रमाणे लागतात. एकाच मापाचे पन्नास जोड आले की त्यातले मोजकेच पायात बसतात. आतले कपडे, सॅनिटरी पॅड, दात घासण्याचे ब्रश, टॉवेल या गोष्टी कोणी सहसा देत नाही आणि त्या सतत लागतात. वापरलेल्या कपड्यांचा साठा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त असतो. २०१९ च्या महापुरात मदतीचे ट्रकच्या ट्रक येताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना कपड्यांच्या ढिगाचे पुढे काय होते हे वेगळे सांगायला नको.

दरमहा ३०० रुपयांनी असा काय फरक पडणार?

या पानावरचे हेच उत्तर कृपया पूर्ण वाचावे.

समजा, २०० कुटुंबांनी दरमहा ३०० रुपये दिले, तर संस्थेकडे महिन्याला ६०,००० रुपये येतात आणि ते येणार हे आधीपासून ठाऊक असते. तेवढीच, म्हणजे वर्षाकाठी ७,२०,००० रुपयांची रक्कम दिवाळीत एकदम आली तरी आनंदच आहे. परंतु ती पुढच्या वर्षी येईल की नाही हे कोणालाच माहीत नसते, आणि म्हणून तिच्या भरवशावर गृहमातेची नेमणूक करता येत नाही, वर्गखोली भाड्याने घेता येत नाही, अकरावीला प्रवेश घेतलेल्या मुलीला 'तुझी बारावीही होईल' असा शब्द देता येत नाही. मुलांच्या आयुष्यात आधीच पुष्कळ माणसे येऊन निघून गेलेली असतात. जी शिक्षिका सहा महिन्यांनी पैशांअभावी सोडून जाते, तिचे जाणे ती मुले त्याच अनुभवात जमा करतात.

कोल्हापूरला हे नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून येथे वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांनी केवळ उद्घाटने केली नाहीत. वसतिगृहांना जागा दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नाची सोय लावून दिली. दसरा चौक परिसरातली बोर्डिंगे शतकाहून अधिक काळ टिकली त्यामागे हे मोठे कारण आहे. आपल्याकडे संस्थानाचा खजिना नाही, पण दोनशे घरांची नियमित मदत एकत्र आली तर संस्थेला तसाच भरवसा मिळतो.

बँकेला स्थायी सूचना देऊन किंवा यूपीआयची ऑटोपे सोय वापरून दरमहा ठरावीक तारखेला रक्कम वर्ग करता येते. ती कधीही बंद करता येते. बंद करताना एक संदेश पाठवला तर आम्हाला पुढचे नियोजन सोपे जाते. कारण विचारले जाणार नाही.

माझ्या देणगीतून कर्मचाऱ्यांचे पगार दिले जातात का?

होय, दिले जातात आणि ते दिलेच पाहिजेत. मुलांचे काम माणसांनीच करायचे असते. रात्री दोन वाजता ताप चढलेल्या मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवणारी गृहमाता, सायंवर्गाची शिक्षिका, बालकल्याण समितीपुढे (निराधार मुलांच्या काळजीबाबत निर्णय घेणाऱ्या कायदेशीर समितीपुढे) मुलाची कागदपत्रे मांडणारा समाजकार्यकर्ता आणि स्वयंपाकीण यांचे वेतन हा 'वरखर्च' नाही, तोच मूळ खर्च आहे. 'पैसे फक्त मुलांवरच खर्च झाले पाहिजेत' ही अट घालणाऱ्या देणगीदाराचा हेतू चांगला असतो, परंतु त्या अटीमुळे संस्था कमी पगारावर, अप्रशिक्षित माणसे नेमू लागतात आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागते. कार्यालय, छपाई, हिशेब तपासणी यांवर किती खर्च झाला हे वार्षिक अहवालात वेगळे दाखवले जाते. ते प्रमाण अवाजवी वाटल्यास जरूर विचारावे.

प्राप्तिकरात सवलत किती मिळते?

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०जी खाली मान्यता असलेल्या बहुतेक धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, आणि त्यासाठी पात्र देणगीची मर्यादा साधारणतः समायोजित एकूण उत्पन्नाच्या (म्हणजे ठरावीक वजावटी वगळून उरलेल्या उत्पन्नाच्या) १० टक्के इतकी असते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी लोकांच्या तोंडी '८०जी' हेच नाव राहील असे दिसते.

येथे एक गैरसमज फार आढळतो. ५० टक्के सवलत म्हणजे निम्मे पैसे परत मिळतात असे नव्हे. १०,००० रुपये दिले तर करपात्र उत्पन्नातून ५,००० रुपये वजा होतात. २० टक्के करटप्प्यातील व्यक्तीचा प्रत्यक्ष कर त्यामुळे १,००० रुपये आणि त्यावरील उपकर एवढाच कमी होतो. शिवाय नवीन करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळत नाही. वस्तुरूप देणगीला ती लागू नाही आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीलाही नाही.

सवलत हवी असल्यास नाव, पत्ता आणि पॅन क्रमांक पावतीच्या वेळीच द्यावा. संस्थेला वर्षभरातील देणग्यांचे विवरणपत्र आयकर विभागाकडे भरावे लागते आणि त्यानंतर देणगीदाराला आजवर '१०बीई' या नावाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र मिळते. १०बीईच्या व्यवस्थेत विवरणपत्र आणि प्रमाणपत्र या दोन्हींची मुदत ३१ मे आहे. केवळ संस्थेची छापील पावती आता पुरेशी नसते.

रोख देणगी चालते का? क्यूआर कोडवर पैसे पाठवणे सुरक्षित आहे का?

रोख देणगी चालते, पण तिची पावती जागच्या जागी घ्यावी. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचे नोंदणीकृत नाव दिसले पाहिजे. एखाद्या व्यक्तीचे नाव दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा, मग ती व्यक्ती स्वतःला संस्थेचा अध्यक्ष म्हणवत असली तरीही. संस्थेचे पैसे संस्थेच्याच खात्यात जमा झाले पाहिजेत, याला अपवाद नाही.

निनावी देणगीबद्दल एक सूचना. गुप्तदानाची आपल्याकडे थोर परंपरा आहे आणि आपले नाव कोठेही जाहीर होऊ नये ही इच्छा आम्ही पाळतो. परंतु संस्थेच्या दप्तरी नाव आणि पत्ता असणे आवश्यक आहे. धर्मादाय संस्थेला मिळालेल्या निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिच्या पलीकडे गेल्या, तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो. मुलांसाठी दिलेले पैसे करापोटी जाऊ नयेत, म्हणून नाव विचारले जाते.

एखादी संस्था खरी आहे हे कसे ओळखावे?

आमच्यासह कोणत्याही संस्थेकडे तीन वेगवेगळी कागदपत्रे मागावीत आणि त्यांतला फरक समजून घ्यावा, कारण एक दाखवून दुसऱ्याचे काम भागवण्याचा प्रकार घडतो.

पहिले कागदपत्र म्हणजे संस्थेची नोंदणी. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात होते. संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब तेथे सादर करावे लागतात आणि विश्वस्त बदलल्यास ९० दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. वर्षानुवर्षे हिशेब दाखल नसतील किंवा अभिलेखावर दिवंगत विश्वस्तांचीच नावे असतील, तर ती संस्था निष्काळजी आहे हे निश्चित.

दुसरे म्हणजे आयकर विभागाची मान्यता. ती ठरावीक मुदतीसाठी असते, त्यामुळे तारीख पाहावी.

तिसरे, आणि मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खालील नोंदणी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना निवासी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती सरकारी अनुदान घेवो वा न घेवो, ही नोंदणी बंधनकारक आहे आणि तशी नोंदणी न करता संस्था चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान १ लाख रुपये दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. धर्मादाय कार्यालयाचा दाखला भिंतीवर लावला म्हणजे बालगृह चालवण्याची परवानगी मिळाली, असे होत नाही. मुले राहत असतील तेथे 'बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय येथे कोणी मूल राहते का?' एवढे एक जरी विचारले, तरी उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून बरेच कळते.

आमचे मंडळ किंवा महाविद्यालय तुमच्यासाठी निधी गोळा करू इच्छिते. काय करावे?

प्रथम आमच्याशी बोलावे आणि लेखी संमती घ्यावी. गणेशोत्सवात काही मंडळे डॉल्बीचा खर्च टाळून ती रक्कम समाजकार्याला देतात. याचा आम्हाला मनापासून आदर आहे. परंतु आमच्या नावाने वर्गणी गोळा करायची असेल, तर आमचेच क्रमांकित पावती पुस्तक वापरावे लागेल, आणि पुस्तके नेताना व परत करताना दोघांच्या सह्यांनिशी नोंद होईल. फाटलेली किंवा चुकलेली पावतीही पुस्तकाला जोडूनच परत आली पाहिजे. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाने किंवा गटाने स्वतःच्या नावे धर्मादाय हेतूने वर्गणी जमा करायची असल्यास, त्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ही प्रक्रिया परिचित असते.

देणगीपेटी दुकानात ठेवायची असल्यास ती सीलबंद असावी, उघडताना संस्थेचा एक आणि दुकानाचा एक प्रतिनिधी हजर असावा, आणि मोजलेली रक्कम जागेवरच लिहून दोघांनी सही करावी. राजारामपुरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी या पेठांतले अनेक व्यापारी पेटी ठेवण्यास आनंदाने तयार होतात. सहा महिने ती उघडायलाच कोणी गेले नाही, तर मात्र तो विश्वास तुटतो.

निधी गोळा करण्यासाठी मुलांना बरोबर आणू नये, त्यांच्या हातात फलक देऊ नये, चौकात उभे करू नये. मुलांना भीक मागायला लावणे हा कायद्याने गुन्हा आहे. संस्थेचे नाव पुढे करून मूल पेटीसह उभे केले तरी त्या मुलाच्या मनावर होणारा परिणाम वेगळा नसतो.

मुलाचा वाढदिवस बालगृहात साजरा करून फोटो काढता येतील का?

वाढदिवस साजरा करता येतो, फोटोंवर मर्यादा आहे.

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकलेला फोटोही प्रसिद्धच होतो.

पण आमचा आग्रह केवळ कायद्यासाठी नाही. रांगेत उभे करून, हातात खाऊचा पुडा देऊन काढलेला फोटो त्या मुलीच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीच्या घरी पोहोचतो. कोल्हापूर तसे लहान शहर आहे. दुसऱ्या दिवशी शाळेत तिला कोणत्या नावाने हाक मारली जाते, याची कल्पना फोटो काढणाऱ्याला नसते. म्हणून आमच्याकडे मुलांकडून स्वागतगीत म्हणवून घेतले जात नाही, पाहुण्यांच्या पाया पडायला सांगितले जात नाही, आणि कोणालाही 'तुझे आई-बाबा कुठे आहेत?' असे विचारू दिले जात नाही. देणगी स्वीकारताना संस्थेचे पदाधिकारी आभार मानतील. ते मुलांचे काम नव्हे.

आपल्या मुलाच्या वाढदिवसाला यायचे असल्यास केक कापण्याचा सोहळा करण्याऐवजी एक संध्याकाळ मुलांबरोबर कॅरम किंवा लंगडी खेळण्यात घालवावी. खेळातली दोस्ती दोन्हीकडच्या मुलांच्या लक्षात राहते. एरवी भेटवस्तू उघडणारे एक मूल आणि बघत बसणारी बाकीची, असे दृश्य तयार होते आणि ते टाळलेले बरे.

एका विशिष्ट मुलाचा खर्च मला उचलता येईल का?

खर्च उचलता येईल, मूल निवडता येणार नाही. देणगीदाराला मुलांचे फोटो दाखवून 'कोणाला मदत करता?' असे विचारण्याची पद्धत आम्ही स्वीकारलेली नाही. गोऱ्या, हसऱ्या, लहान मुलांना पुष्कळ पालनकर्ते मिळतात आणि पंधरा वर्षांच्या, रागीट, दोनदा पळून गेलेल्या मुलाला कोणीच मिळत नाही. वास्तविक जास्त गरज त्याचीच असते. म्हणून शिक्षण, आरोग्य, निवास अशा कामांच्या नावे रक्कम घेतली जाते आणि त्या कामाचा हिशेब दिला जातो. त्या वर्षी दहावीला किती मुले बसली आणि कोणत्या खर्चासाठी पैसे लागले, हे नाव न घेता कळवले जाते.

सरकार अनुदान देते, मग देणगीची गरज काय?

सरकारी योजना आहेत आणि त्यांचा लाभ मुलांना मिळवून देणे हे आमच्या कामाचाच भाग आहे. मूल शक्यतो आपल्या घरात किंवा नातेवाइकांकडेच वाढावे, यासाठी महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना असून, तिच्यात दरमहा २,२५० रुपये मिळतात; केंद्राच्या मिशन वात्सल्यमधील प्रायोजकत्वाची रक्कम दरमहा ४,००० रुपये आहे. या योजनांचे अर्ज भरणे, मृत्यूचा दाखला, रहिवासी दाखला, शाळेचा बोनाफाईड, बँक खाते यांची जुळवाजुळव करणे हे एकट्या आईला रोजंदारी बुडवून करावे लागते. तिच्याबरोबर कचेरीत जाणारा कार्यकर्ता हवा, आणि त्या कार्यकर्त्याचा खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही. एका कुटुंबाला योजना मिळाली की मूल घरीच राहते, ही या खर्चाची सर्वांत मोठी फलनिष्पत्ती आहे.

याखेरीज अनुदान ठरावीक बाबींसाठीच असते आणि ते हातात पडेपर्यंत दुकानदाराची उधारी थांबत नाही. समुपदेशन, चष्मा, दातांचे उपचार, शिकवणी, सहलीचे पैसे हे सारे देणगीतूनच होते.

मी परदेशात राहतो. मला देणगी देता येईल का?

भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी देणगी मानली जात नाही, त्यामुळे ती घेता येते. पारपत्राची प्रत मात्र पाठवावी. परदेशाचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी, तिच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले आणि पैसे रुपयांत दिले तरीही, विदेशी ठरते. ती घेण्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालील नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खाते लागते. या नोंदणीसाठी संस्थेने मागील तीन वर्षांत आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात, म्हणून अनेक छोट्या संस्था तेथवर पोहोचत नाहीत. अशा वेळी येथील नातेवाइकांच्या नावे पैसे फिरवून देऊ नयेत. कोल्हापुरातले आपले भाऊ-बहीण स्वतःच्या कमाईतून देऊ शकत असतील तर उत्तम.

आमच्या कारखान्याला सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून) मदत करता येईल का?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचे निव्वळ मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्चाचे बंधन असते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील अनेक फाउंड्री व मशीनशॉप या निकषात बसत नाहीत. त्यांनी कायद्याच्या बंधनाची वाट पाहण्याचे कारण नाही. सर्वसाधारण देणगी कोणताही उद्योग देऊ शकतो. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे अठरा वर्षे पूर्ण केलेल्या मुलाला प्रशिक्षणार्थी म्हणून घेणे आणि पहिल्या दोन महिन्यांत तो दोनदा दांडी मारून गेला तरी त्याला परत बोलावणे.

सीएसआर लागू असलेल्या कंपन्यांनी मंजुरीपूर्वी एकदा प्रत्यक्ष भेट द्यावी आणि संगणक, रंगरंगोटी यांपलीकडे मनुष्यबळाच्या खर्चाचा विचार करावा.

कायमनिधीला किंवा मृत्युपत्राद्वारे देणगी देता येते का?

येते. कायमनिधीची देणगी देताना 'ही रक्कम कायमनिधीसाठी आहे' असे लेखी द्यावे. मूळ रक्कम कायद्याने मान्य केलेल्या गुंतवणुकीत राहते आणि केवळ व्याज वापरले जाते. मृत्युपत्रात संस्थेचे पूर्ण नोंदणीकृत नाव व नोंदणी क्रमांक लिहावा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. घरच्यांशी आधी मोकळेपणाने बोलणे सर्वांच्याच हिताचे असते.

देणगी दिल्यास दत्तक घेण्यात प्राधान्य मिळते का?

नाही. दत्तकग्रहणाची प्रक्रिया केंद्रीय दत्तकग्रहण संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या ऑनलाइन नोंदणीतूनच होते. देणगीच्या बदल्यात मूल देऊ करणारी कोणतीही व्यक्ती गुन्हा करत असते.

रस्त्यावर पैसे मागणाऱ्या मुलाला मी काय द्यावे?

पैसे देऊ नयेत, असे आमचे मत आहे, आणि हे सांगणे सोपे नसते याची आम्हाला जाणीव आहे. नवरात्रात देवळाबाहेर सात-आठ वर्षांची मुलगी पदराला धरून मागे चालू लागली की नोट काढून देणे हाच सुटकेचा मार्ग वाटतो. मात्र त्या नोटेतला किती भाग तिच्या वाट्याला येतो, हे पाहिलेले माणूस पुन्हा तसे करत नाही. मूल भुकेले असेल तर समोर बसवून खाऊ घालावे. मूल एकटे, हरवलेले, जखमी किंवा घाबरलेले दिसले तर १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर दूरध्वनी करावा. तो विनामूल्य असून चोवीस तास चालू असतो. अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर हजर करावे लागते, त्यामुळे दयेपोटी त्याला परस्पर आपल्या घरी नेऊन ठेवू नये.

पैशांऐवजी वेळ देता येईल का?

देता येईल, आठवड्यातील ठरलेला दिवस किमान एक शालेय वर्ष पाळण्याची तयारी असेल तर. पोलीस पडताळणी आणि बालसंरक्षण धोरणावर सही आवश्यक आहे. गणित व इंग्रजी शिकवणारे, दंतवैद्य, शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी आणि हिशेब लिहिणारे निवृत्त बँक कर्मचारी यांची सध्या विशेष गरज आहे.

हिशेब पाहायचा असेल किंवा तक्रार असेल तर?

लेखापरीक्षित हिशेब कार्यालयात पाहायला मिळतात. त्यासाठी देणगीदार असण्याची अट नाही. पैशांविषयीच्या तक्रारीसाठी धर्मादाय कार्यालय, आणि मुलांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी किंवा त्यांच्या सुरक्षिततेविषयी शंका आल्यास बालकल्याण समिती अथवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष येथे थेट जावे. आधी आम्हाला कळवलेच पाहिजे असे नाही.

मुले अठरा वर्षांची झाल्यावर निधी थांबतो का?

कायद्याने बालगृहातला मुक्काम अठराव्या वर्षी संपतो आणि एकवीस वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे नंतरच्या आधाराची तरतूद आहे. तरीही देणगीदारांचे लक्ष सर्वांत कमी असते ते याच वयाकडे. आयटीआयला प्रवेश मिळालेल्या मुलाला खोलीची अनामत रक्कम, मेसचे दोन महिन्यांचे आगाऊ पैसे, सायकल किंवा केएमटी या शहर बससेवेचा पास आणि अडचणीत रात्री हक्काने फोन करता येईल असा माणूस हवा असतो. महाराष्ट्रात २०१८ पासून शिक्षण आणि शासकीय नोकरीत अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आहे, परंतु त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र महिला व बाल विकास विभागाकडून मुदतीत मिळवावे लागते आणि संस्था सोडल्यानंतर कागदपत्रे गोळा करणे मुलाला फार जड जाते. हे काम आम्ही सोळाव्या वर्षापासूनच सुरू करतो. या वयाच्या मुलांसाठी देणगी द्यायची असल्यास पावती करताना 'अनुरक्षण निधी' असे लिहायला सांगावे. त्याचा हिशेब स्वतंत्र ठेवला जातो.